ॲपच्या डेटाबेसमधल्या नोंदी गूगल शीटमध्ये आपोआप: मायएसक्यूएलपासून शीटपर्यंत, पायरीपायरीने

ऑर्डर ॲपमध्ये येते, पण हिशेब शीटमध्ये होतो. डबे पोचवणारा व्यवसाय असो, दुधाचा रतीब असो की क्लासची फी, मालकाला आणि हिशेबनीसाला रोजचे आकडे शीटमध्येच हवे असतात. मग कोणीतरी रोज संध्याकाळी डेटाबेसमधून सीएसव्ही काढतं आणि शीटमध्ये चिकटवतं. एक दिवस तो माणूस रजेवर जातो, एक दिवस तीच फाइल दोनदा चिकटवली जाते आणि महिनाअखेरीला ताळा बसत नाही.

हे काम यंत्राकडे सोपवता येतं, आणि नीट सोपवलं तर त्याकडे रोज बघावं लागत नाही. पुढची सगळी मांडणी डबे पोचवणाऱ्या एका ॲपच्या ऑर्डरींवर केली आहे. डेटाबेस मायएसक्यूएल, शीट गूगलची, मधला प्रोग्राम पायथनमध्ये, आणि तो दर पाच मिनिटांनी चालतो. तुमची भाषा किंवा डेटाबेस वेगळा असला तरी तर्क हाच राहतो.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या. प्रोग्राम एकदा चालणं म्हणजे एक फेरी. तीच फेरी लागोपाठ दोनदा चालली, तर दुसऱ्या वेळी शीटमधल्या नोंदींत काहीही बदलता कामा नये. नेटवर्क मध्येच तुटणार, सर्व्हर रीस्टार्ट होणार, गूगलचं उत्तर वाटेत हरवणार. अशा वेळी "पुन्हा चालव" एवढाच उपाय पुरला पाहिजे. खालचे बहुतेक निर्णय या एका अटीतून निघालेले आहेत.

## आधी दिशा ठरवा

शीटने डेटाबेसमधून नोंदी ओढायच्या, की सर्व्हरने शीटकडे ढकलायच्या?

ओढण्याचा मार्ग म्हणजे गूगल ॲप्स स्क्रिप्ट, शीटलाच जोडलेला आणि गूगलकडे चालणारा कोड. त्यातल्या जेडीबीसी सेवेने मायएसक्यूएलला थेट जोडता येतं आणि वेगळा सर्व्हर लागत नाही, म्हणून तो मोह होतो. पण त्यासाठी डेटाबेसचं दार इंटरनेटवर, निदान गूगलच्या आयपी पत्त्यांपुरतं, उघडावं लागतं. शिवाय स्क्रिप्टची एक फेरी सहा मिनिटांत संपावी लागते आणि जेडीबीसीमधून एकेक ओळ वाचणं फार संथ असतं. काही हजार नोंदी झाल्या की फेरी अर्धवट तुटू लागते.

म्हणून ढकला. ॲपचा सर्व्हर डेटाबेसशी आधीच जोडलेला असतो. तिथूनच एक छोटा प्रोग्राम गूगलच्या शीट्स एपीआयला (प्रोग्रामने शीट वाचण्या-लिहिण्यासाठी दिलेल्या दाराला) नोंदी पाठवेल. डेटाबेस बाहेरच्या जगाला दिसतही नाही.

वाहतूक मात्र एकेरी ठेवा. "शीटमध्ये स्टेटस बदललं की ॲपमध्येही बदलावं" ही मागणी दुसऱ्याच आठवड्यात येते. तिला ठाम नकार द्या. एकच नोंद दोन ठिकाणी बदलू लागली की खरी कोणती हे ठरवणारा कोणी उरत नाही. बदल करायचा असेल तर तो ॲपच्या ॲडमिन पॅनलमध्ये करावा. शीट हा आरसा आहे.

## डेटाबेसची तयारी

प्रत्येक नोंदीला न बदलणारा आयडी हवा आणि शेवटच्या बदलाची वेळ हवी. आयडी बहुतेक ठिकाणी असतोच, वेळेचा कॉलम नसतो किंवा अर्धवट असतो. ऑर्डरच्या टेबलमध्ये "अपडेटेड ॲट" नावाचा कॉलम घाला. प्रकार टाइमस्टॅम्प, अचूकता सहा (म्हणजे मायक्रोसेकंदापर्यंत), आणि नोंद बदलली की तो आपोआप बदलावा यासाठी "ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प". इथे डेटटाइम प्रकार टाळा. टाइमस्टॅम्प आतून कायम यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठतो. डेटटाइममध्ये मात्र त्या वेळच्या जोडणीचा टाइमझोन जसाच्या तसा उतरतो, आणि ॲप एका झोनमध्ये नि ॲडमिन पॅनल दुसऱ्या झोनमध्ये जोडलं असेल तर वेळांची सरमिसळ होते.

नंतर "अपडेटेड ॲट" आणि "आयडी" या क्रमाने जोड इंडेक्स (दोन्ही कॉलमांची मिळून शोधसूची) करा. तो नसेल तर दर पाच मिनिटांनी सगळं टेबल चाळलं जाईल.

एक फट इथे हमखास राहते. ऑर्डरमधले पदार्थ वेगळ्या टेबलमध्ये असतील आणि तुम्ही दोन्ही जोडून शीटमध्ये पाठवत असाल, तर पदार्थ बदलल्यावर मूळ ऑर्डरची वेळ बदलत नाही. ग्राहकाने दोन पोळ्या वाढवल्या, रक्कम बदलली, आणि शीटला पत्ताच नाही. पदार्थांच्या टेबलवर ट्रिगर (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारी आज्ञा) लावून मूळ ऑर्डरची वेळही पुढे सरकवा, किंवा ॲपच्या कोडमध्ये दोन्ही बदल एकत्र करा.

या कामासाठी डेटाबेसचा वेगळा युजर बनवा, फक्त वाचण्याचा अधिकार असलेला. तोसुद्धा टेबलवर देऊ नका, एका व्ह्यूवर (टेबलमधलं निवडक तेवढंच दाखवणाऱ्या खिडकीवर) द्या. त्या व्ह्यूमध्ये शीटला लागणारे कॉलमच असावेत. ग्राहकाचा पूर्ण मोबाइल नंबर, पत्ता, पेमेंटचे तपशील हिशेबाला लागत नाहीत. नंबराचे शेवटचे चार आकडे ओळख पटायला पुरतात. शीट एका क्लिकवर कोणालाही शेअर होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ग्राहकाची माहिती जपण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. जे शीटमध्ये गेलंच नाही ते तिथून फुटण्याची भीतीही नाही.

## गूगलच्या बाजूची तयारी

गूगल क्लाउड कन्सोलमध्ये नवा प्रोजेक्ट उघडा. एपीआय लायब्ररीत गूगल शीट्स एपीआय शोधून "एनेबल" करा. मग आयएएम विभागात जाऊन सर्व्हिस अकाउंट तयार करा. हे माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं असतं. त्याला प्रोजेक्टमधली कोणतीही भूमिका देण्याची गरज नाही, ती पायरी रिकामी सोडून पुढे जा. खातं तयार झालं की "कीज" टॅबमधून जेसॉन प्रकारची की-फाइल उतरवा.

ही फाइल एकदाच मिळते, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला त्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात. सर्व्हरवर कोडच्या फोल्डरबाहेर ठेवा, फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा, आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जिथे साठतात तिथे) ती चुकूनही जाणार नाही अशी तजवीज पहिल्याच दिवशी करा. कंपनीच्या गूगल खात्यात की-फाइल बनवण्यावर बंदी असू शकते. तसं दिसलं तर ॲडमिनशी बोला. तुमचा सर्व्हर गूगल क्लाउडवरच असेल तर सर्व्हिस अकाउंट थेट मशीनला जोडता येतं, आणि मग की-फाइल लागतच नाही.

आता नवी शीट बनवा आणि सर्व्हिस अकाउंटच्या ईमेल पत्त्याशी ती "एडिटर" म्हणून शेअर करा, जशी माणसाशी करतो तशीच. ईमेल सूचनेची खूण काढून टाका, कारण त्या पत्त्यावर मेल वाचणारं कोणी नाही. पहिल्याच चाचणीत ४०३ आकड्याची "परवानगी नाही" अशी एरर आली तर दहातल्या नऊ वेळा ही शेअर करायची पायरी राहिलेली असते.

शीटचा आयडी तिच्या पत्त्यातच असतो. "डी" आणि "एडिट" या दोन शब्दांच्या मधली लांबलचक अक्षरमाला म्हणजे तो आयडी.

## शीटची मांडणी

तीन टॅब ठेवा: "कच्चा", "स्थिती" आणि "हिशेब".

"कच्चा" टॅबमध्ये फक्त प्रोग्राम लिहितो. पहिला कॉलम आयडी, दुसरा "अपडेटेड ॲट", पुढे बाकीचे. हे दोन शेजारी ठेवण्याचं कारण पुढे येईल. हा टॅब "प्रोटेक्ट शीट" वापरून बंद करा आणि बदलण्याची परवानगी सर्व्हिस अकाउंट आणि मालक यांनाच द्या. याकडे दुर्लक्ष करू नका. प्रोग्रामने आयडींचा कॉलम वाचला आणि लिहायच्या आधी कोणीतरी टॅब सॉर्ट केला, तर एका ग्राहकाची ऑर्डर दुसऱ्याच्या ओळीवर जाऊन बसते. काही सेकंदांची फट असते, पण दिवसाला २८८ फेऱ्या होत असताना ती कधी ना कधी गाठतेच. ज्यांना आपल्या सोयीने लावून बघायचं आहे त्यांना फिल्टर व्ह्यू शिकवा. त्याने फक्त बघणं बदलतं, ओळी हलत नाहीत.

हिशेबनीसाचे शेरे "कच्चा" टॅबच्या शेजारच्या कॉलममध्ये नकोत. शेरे "हिशेब" टॅबमध्ये, ऑर्डरच्या आयडीसमोर लिहावेत आणि बाकीची माहिती एक्सलुकअपने आयडीवरून ओढावी.

जुळवणी कायम आयडीवरूनच करायची, नावावरून कधीच नाही. मराठी नावांच्या बाबतीत तर हे आणखीच पाळायला हवं. "ऱ" एका सलग अक्षरचिन्हाने टाइप होतो, तसाच "र" खाली नुक्ता देऊनही. "ॲ" एकसंध असतो किंवा "अ" वर चंद्र देऊन केलेला. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे वाटतात. "ऱ"च्या दोन रूपांना युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने एक करता येतं, "ॲ"च्या दोन रूपांना तेही लागू पडत नाही.

नव्या टॅबमध्ये २६ कॉलम आणि १,००० ओळी असतात. तुम्हाला १२ कॉलम लागत असतील तर उरलेले १४ काढून टाका. का, ते मर्यादांच्या भागात सांगितलं आहे.

## एक फेरी कशी चालते

फेरीच्या सुरुवातीला कुलूप घ्या. लिनक्सवर "एफलॉक" आज्ञा यासाठीच आहे. आधीची फेरी चालू असेल तर नवी गुपचूप परत फिरते. हे नसेल तर दोन फेऱ्या एकाच वेळी "ही ऑर्डर शीटमध्ये नाही" असं ठरवतात आणि तीच ऑर्डर दोनदा लिहिली जाते.

मग "स्थिती" टॅबमधली खूण वाचा, म्हणजे आतापर्यंत पोचलेल्या नोंदींपैकी सर्वांत उशिराची "अपडेटेड ॲट". तिच्यातून पाच मिनिटं वजा करा आणि तिथपासून पुढच्या नोंदी मागा. ही पाच मिनिटं गाळली की नोंदी कधीतरी गायब होतात, आणि का ते महिनोन्‌महिने सापडत नाही. समजा, डेटाबेसमधला एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) ठीक १०:००:०० वाजता नोंद बदलतो, पण पेमेंटच्या उत्तराची वाट पाहत असल्यामुळे कमिट, म्हणजे बदल पक्का, १०:००:२० ला होतो. नोंदीवर वेळ १०:००:०० चीच असते. तुमची फेरी १०:००:१० ला चालली, तेव्हा ती नोंद दिसलीच नाही. पण १०:००:०५ ची दुसरी ऑर्डर दिसली आणि खूण तिथवर सरकली. पुढच्या फेरीत १०:००:०५ च्या पुढचंच मागितलं, तर मधली ऑर्डर कायमची सुटली. पाच मिनिटं मागून वाचलं की ती सापडते. त्याच त्या नोंदी पुन्हा वाचल्या जातात, पण सुरुवातीची कसोटी पाळली असेल तर त्याने काही बिघडत नाही. तुमच्या ॲपमधले व्यवहार पाच मिनिटांपेक्षा लांबत असतील तर वजाबाकी वाढवा.

नोंदी "अपडेटेड ॲट", मग "आयडी" अशा क्रमाने, २,००० च्या गठ्ठ्यांत मागा. पुढचा गठ्ठा मागताना नुसती वेळ बघू नका, वेळ आणि आयडी या जोडीच्या पुढचं मागा. कारण टेबलमध्ये "अपडेटेड ॲट" कॉलम तुम्ही नुकताच घातला असेल, तर सगळ्या जुन्या नोंदींवर एकच वेळ पडलेली असते. चाळीस हजार नोंदी, सगळ्या एकाच क्षणाच्या. पहिल्या गठ्ठ्यानंतर "यापेक्षा मोठी वेळ" मागितली तर उरलेल्या अडतीस हजार वगळल्या जातात. "इतकी किंवा मोठी" मागितली तर तोच गठ्ठा पुन्हापुन्हा येत राहतो. अट लिहिताना "वेळ मोठी, किंवा वेळ तीच आणि आयडी मोठा" अशी सुटी करून लिहा. म्हणजे इंडेक्सचा उपयोग नीट होतो.

आता शीटमधले पहिले दोन कॉलम एकाच विनंतीत वाचा आणि आयडीवरून ओळीचा क्रमांक सांगणारा कोश तयार करा. कॉलम शेजारी असल्यामुळे आयडी आणि वेळ एकाच ओळीतून हाती येतात. वाचताना "अनफॉरमॅटेड व्हॅल्यू" मागा. नाहीतर कोणी आयडीच्या कॉलमला स्वल्पविरामाचं फॉरमॅट दिलं की १०२४ ऐवजी "१,०२४" असा मजकूर हाती येतो, जुळणी होत नाही आणि सगळ्या ऑर्डरी नव्या समजून खाली पुन्हा लिहिल्या जातात. दोन्ही बाजूंचे आयडी मजकुरात बदलून मगच ताडून पाहा.

प्रत्येक नोंदीचं तीनपैकी एक होतं. आयडी शीटमध्ये आहे आणि वेळही तीच असेल तर सोडून द्या. आयडी आहे पण वेळ वेगळी असेल तर ती पूर्ण ओळ नव्याने लिहा. आयडीच नसेल तर शेवटच्या भरलेल्या ओळीखाली लिहा.

सगळ्या ओळी एकाच "व्हॅल्यूज बॅच-अपडेट" विनंतीत पाठवा. ओळी विखुरलेल्या असल्या तरी चालतं, एका विनंतीत अनेक रेंज देता येतात. नव्या ओळींसाठी एपीआयचं तयार "अपेंड" वापरण्याचा मोह होईल, पण टेबल कुठे संपतं हे ते स्वतःच्या अंदाजाने ठरवतं. मध्ये एखादी रिकामी ओळ राहिली तर तो अंदाज चुकतो. ओळीचा क्रमांक तुम्हीच ठरवा. फक्त त्याआधी टॅबमध्ये पुरेशा ओळी आहेत का पाहा. १,००० ओळींच्या टॅबमध्ये १,००१ व्या ओळीवर लिहायला गेलात तर "ग्रिडच्या मर्यादेबाहेर" अशी एरर येते. कमी पडत असतील तर एकदम ५,००० ओळी वाढवून घ्या.

आणि त्याच विनंतीत "स्थिती" टॅबमधली नवी खूणही पाठवा. खूण सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत जास्त दिसते, पण शीटमध्ये ठेवण्याचा एक मोठा फायदा आहे. कोणी व्हर्शन हिस्टरीतून कालची शीट परत आणली, तर खूणही कालची होते आणि पुढच्या फेरीत मधला सगळा दिवस आपोआप भरून निघतो. फाइलमधली खूण मात्र आजचीच राहिली असती आणि एक दिवसाचा खड्डा पडला असता.

## कोणती किंमत कशी पाठवायची

नोंदी पोचल्या तरी आत चुकीचे आकडे असू शकतात, आणि ते लवकर लक्षात येत नाहीत.

एपीआयमध्ये किमती पाठवण्याचे दोन प्रकार आहेत. "यूझर एंटर्ड" म्हणजे माणसाने सेलमध्ये टाइप केल्यासारखं, "रॉ" म्हणजे जसंच्या तसं. कायम "रॉ" वापरा. यूझर एंटर्डमध्ये ००४५ चं ४५ होतं आणि "३-४ पोळ्या" ऐवजी नुसतं ३-४ इंग्रजी आकड्यांत आलं तर त्याची तारीख बनते. सर्वांत वाईट म्हणजे ग्राहकाने सूचनेच्या रकान्यात बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं काही लिहिलं की ते सूत्र म्हणून चालतं. इम्पोर्टएक्सएमएलसारखं सूत्र घालून शीटमधली माहिती बाहेर पाठवण्याचे प्रयत्न याच वाटेने होतात. रॉमध्ये ते सूत्र नुसता मजकूर राहतं.

डेटाबेसमधली नल (म्हणजे काहीच न भरलेली) किंमत नल म्हणूनच पाठवू नका. शीट्स एपीआय नल आला की तो सेल वगळून पुढे जातो, जुनी किंमत तशीच राहते. ऑर्डरवरचं कूपन काढून टाकलं, डेटाबेसमध्ये नल झालं, शीटमध्ये मात्र सवलत दिसतच राहिली. सेल रिकामा करायचा तर रिकामा मजकूर पाठवावा लागतो.

शीट १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक धरते. १८ अंकी ट्रान्झॅक्शन नंबर संख्या म्हणून पाठवला तर शेवटचे अंक शून्य होतात आणि बँकेच्या स्टेटमेंटशी तो कधीच जुळत नाही. असे नंबर मजकूर म्हणून पाठवा. पण मग त्या कॉलममध्ये सगळ्याच किमती मजकूर असू द्या. एकाच कॉलममध्ये संख्या आणि मजकूर मिसळले तर क्वेरी हे सूत्र बहुसंख्य असलेला प्रकार धरतं आणि उरलेले सेल रिकामे दाखवतं.

रकमेचा डेसिमल प्रकार पायथनच्या जेसॉनला (एपीआयला माहिती पाठवण्याच्या मजकूर-साच्याला) चालत नाही, तो फ्लोटमध्ये (साध्या दशांश संख्येत) बदलून द्या. शीटमध्ये दाखवण्यापुरतं ते ठीक आहे. जीएसटीची बेरीज-वजाबाकी मात्र डेटाबेसमध्येच करून तयार आकडा पाठवा.

तारखांचं जरा थांबून पाहू. शीटमध्ये तारीख म्हणजे एक संख्या असते. ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले ती पूर्ण संख्या, आणि दिवसाचा किती भाग उलटला तो अपूर्णांक. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८, त्याच दिवशी संध्याकाळचे सहा म्हणजे ४५६५८.७५. रॉ प्रकारात तारीख हीच संख्या म्हणून पाठवा आणि कॉलमला तारखेचं फॉरमॅट एकदाच देऊन ठेवा. संख्या काढण्याआधी यूटीसी वेळेत साडेपाच तास मिळवा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी यूटीसीने रात्री आठला आलेली ऑर्डर आपल्याकडे १ जानेवारीच्या पहाटे दीडची असते, म्हणजे ४५६५८.०६२५. साडेपाच तास विसरलात तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसाच्या गल्ल्यात जाते. डब्याच्या किंवा दुधाच्या व्यवसायात पहाटेच्याच ऑर्डरी जास्त असतात.

दुसऱ्या कॉलममधली "अपडेटेड ॲट" मात्र यूटीसीमध्ये, मायक्रोसेकंदासह, मजकूर म्हणून ठेवा. ती माणसांसाठी नाही, ताडून पाहण्यासाठी आहे. संख्येत बदलली तर शेवटचे अंक हरवतात आणि प्रत्येक नोंद बदललेली वाटू लागते.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर दोष शीटचा नसतो, डेटाबेसच्या जोडणीचा असतो. जोडणी करताना कॅरेक्टर सेट "यूटीएफ८एमबी४" द्या. मायएसक्यूएलचा जुना "यूटीएफ८" अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही.

## मर्यादा आणि त्यांचं गणित

एका स्प्रेडशीट फाइलमध्ये जास्तीत जास्त एक कोटी सेल मावतात, सगळे टॅब मिळून, आणि रिकामे सेलही त्यात मोजले जातात. २६ कॉलम तसेच ठेवले तर साधारण ३ लाख ८४ हजार ओळींवर फाइल भरते. १२ कॉलम ठेवले तर ८ लाख ३३ हजारांपर्यंत जाते. मात्र तिथवर जाऊच नका. सूत्रांसकट लाखभर ओळी झाल्या की साध्या लॅपटॉपवर शीट उघडायलाच वेळ लागतो. एप्रिल ते मार्च अशी आर्थिक वर्षाला एक फाइल करा. डेटाबेसच्या व्ह्यूवर त्या वर्षाची तारखेची अट घाला. मार्चच्या ऑर्डरीचा परतावा एप्रिलमध्ये झाला तर तो जुन्या फाइलमध्ये पोचला पाहिजे, म्हणून वर्ष संपल्यावर जुन्या फाइलची फेरी लगेच थांबवू नका. आणखी काही महिने ती चालू राहू द्या.

एपीआयला मिनिटाला प्रत्येक प्रोजेक्टमागे ३०० वाचनाच्या आणि ३०० लेखनाच्या विनंत्या चालतात, पण एका युजरमागे ६० च. तुमचं सर्व्हिस अकाउंट म्हणजे एकच युजर, म्हणून खरी मर्यादा ६० ची. एकेक ओळ वेगळ्या विनंतीने पाठवणारा प्रोग्राम ६१ व्या ऑर्डरला ४२९ ची एरर खातो. गठ्ठ्याने पाठवलं तर ५०,००० नोंदींची पहिली भरतीसुद्धा २५ लेखन विनंत्यांत होते (टॅबमध्ये ओळी वाढवण्याच्या विनंत्या वेगळ्या). एका विनंतीचा आकार दोन एमबीच्या आत ठेवावा असा गूगलचा सल्ला आहे. आपल्या १२ कॉलमच्या २,००० ओळी सहसा त्यात बसतात. सूचनांचा मजकूर लांबलचक असेल तर गठ्ठा ५०० चा करा.

४२९ किंवा ५०० च्या घरातली एरर आली तर एक सेकंद थांबा, मग दोन, चार, आठ असं वाढवत साधारण ६४ सेकंदांपर्यंत जा, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिळवा. ४०३ किंवा ४०० वर मात्र थांबून काही उपयोग नाही. ती चूक आपणहून सुधारणार नाही, फेरी बंद करून कळवा.

## खोडलेल्या नोंदी

डेटाबेसमधून काढून टाकलेली ऑर्डर "काय बदललं" या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाही, कारण ती आता नाहीच. म्हणून ॲपमध्ये नोंद प्रत्यक्ष न काढता "डिलीटेड ॲट" कॉलममध्ये वेळ भरण्याची पद्धत ठेवा. तो बदल नेहमीच्या वाटेने शीटपर्यंत पोचतो.

तरीही कोणीतरी कधीतरी थेट डेटाबेसमध्ये हात घालतं. त्यासाठी रोज पहाटे तीनला एक ताळ्याची फेरी लावा. डेटाबेसमधले सगळे आयडी आणि वेळा वाचा, शीटमधल्यांशी ताडा, सुटलेल्या नोंदी भरा. जे आयडी शीटमध्ये आहेत पण डेटाबेसमध्ये नाहीत त्यांची ओळ काढू नका, स्टेटसमध्ये "काढली" लिहा. हिशेबनीसाने कदाचित ती ऑर्डर कालच्या बेरजेत धरली असेल. एका फेरीत पाच टक्क्यांपेक्षा जास्त नोंदी "काढली" होणार असतील तर काहीही न लिहिता थांबा आणि माणसाला कळवा. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की प्रोग्राम चुकून चाचणीच्या डेटाबेसला जोडला गेला आहे.

## वेळापत्रक आणि लक्ष

क्रॉनमध्ये (लिनक्सच्या वेळापत्रकात) फेरी दर पाच मिनिटांनी लावा. टर्मिनलवर चालणारा प्रोग्राम क्रॉनमध्ये बंद पडतो, कारण क्रॉन तुमचा पाथ आणि फोल्डर वापरत नाही. पायथन, प्रोग्राम, की-फाइल, कुलपाची फाइल, सगळ्यांचे पत्ते मुळापासून पूर्ण लिहा.

"स्थिती" टॅबमध्ये प्रत्येक यशस्वी फेरीची वेळ, बदललेल्या ओळी आणि एकूण ओळी लिहा, नोंदी शून्य असल्या तरीही. फाइलच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता आणि कॅल्क्युलेशन "बदल झाल्यावर आणि दर मिनिटाला" असं करा. मग "हिशेब" टॅबच्या माथ्यावर शेवटच्या फेरीची वेळ दाखवा आणि ती पंधरा मिनिटांपेक्षा जुनी झाली की सेल लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. जुने आकडे ताजे समजून कोणी बँकेत पैसे भरायला जाऊ नये. शीट उघडलीच नाही तर लाल सेल कोणाला दिसणार, म्हणून सर्व्हरवरूनही सलग तीन फेऱ्या फसल्या की मेल जाऊ द्या.

## डेटाबेस फायरस्टोअर असेल तर

फायरस्टोअर हा गूगलचा क्लाउडवरचा डेटाबेस. तिथे "प्रत्येक नोंद बदलली की फंक्शन चालवून शीटमध्ये लिही" हा मार्ग सोपा दिसतो, पण गर्दीच्या वेळी तो मिनिटाला ६० च्या मर्यादेवर आपटतो. शिवाय फायरस्टोअरची एकच घटना दोनदा येऊ शकते आणि घटनांचा क्रम पाळला जाईलच असं नाही. जुना बदल नव्यावर लिहिला जाऊ शकतो. त्यापेक्षा ठरावीक वेळाने चालणारं फंक्शन लिहा आणि वरचीच पद्धत वापरा. त्यासाठी ब्लेझ प्लॅन (वापराप्रमाणे पैसे आकारणारा) लागतो. बदलाची वेळ ॲपने स्वतः न भरता सर्व्हर टाइमस्टॅम्पने भरावी, कारण ग्राहकाच्या फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं. सगळं कलेक्शन (नोंदींचा पूर्ण संच) दर वेळी वाचू नका. १,००० नोंदी दिवसाला २८८ वेळा वाचल्या तर २,८८,००० वाचनं होतात, दिवसाला फुकट मिळतात ५०,०००.

## सुरू करण्याआधी मुद्दाम मोडून पाहा

चाचणीच्या शीटवर हे करा. फेरी लागोपाठ दोनदा चालवा, दुसऱ्या वेळी बदललेल्या ओळी शून्य दिसल्या पाहिजेत. लिहिणं चालू असताना प्रोग्राम मारून टाका, पुन्हा चालवा आणि एकाही आयडीची ओळ दोनदा नाही हे काउंटइफने तपासा. एका टर्मिनलमध्ये व्यवहार उघडून ऑर्डर बदला, कमिट न करता दोन मिनिटं थांबा, मध्ये एक फेरी होऊ द्या, मग कमिट करा. पुढच्या फेरीत ती ऑर्डर शीटमध्ये यायला हवी. कूपन नल करून सेल रिकामा होतो का पाहा. ग्राहकाच्या नावात "सुऱ्हे", एक इमोजी आणि सुरुवातीला बरोबरचं चिन्ह घालून पाठवा, तिन्ही जसेच्या तसे दिसले पाहिजेत. शीटला व्हर्शन हिस्टरीतून तासभर मागे न्या आणि पाच मिनिटांनी ती आपोआप भरून येते का बघा. शेवटी सर्व्हिस अकाउंटचा एडिटरचा अधिकार काढून घ्या, आणि मेल येईपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून मोजा.